परदेशी जाणारे दत्तक मूल : आधी मंजुरी, मग दत्तकपत्र

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत दत्तक प्रक्रियेविषयी आलेला लेख वाचला. संस्थेतून मूल दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या दांपत्याने नोंदणी कोठे करावी आणि कागदपत्रे कोणती जमवावीत, हे त्यात नीट सांगितले आहे. मात्र परदेशी स्थायिक झालेल्या नातेवाइकाने आपल्याच घरातले मूल दत्तक घ्यायचे ठरवले तर काय, हा प्रश्न लेखाने एका वाक्यात आटोपला असून ‘अशा वेळी वकिलाचा सल्ला घ्यावा’ एवढ्यावर वाचकाची बोळवण केली आहे. आम्ही तसा सल्ला घेतला होता. त्या सल्ल्यापायी माझ्या पुतणीची पाच ते नऊ ही चार वर्षे अधांतरी गेली, म्हणून हे जरा लांबलेले पत्र लिहीत आहे.

मी कराड तालुक्यातला, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. माझा धाकटा भाऊ २०१६ मध्ये मूत्रपिंडाच्या आजाराने गेला. मागे भावजय, एक मुलगा आणि त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान मुलगी राहिली. आमची बहीण लग्नानंतर अमेरिकेत गेली, तेथील नागरिक झाली. तिला मूलबाळ नाही. भावजयीनेच एके दिवशी तिला फोनवर विचारले, ‘वन्सं, धाकटीला तुम्ही न्याल का?’ आपल्याकडे यात नवल वाटावे असे काही नाही. निपुत्रिक काकाच्या किंवा आत्याच्या मांडीवर घरातले मूल देण्याची रीत शेकडो वर्षांची आहे आणि तिला १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याचा आधारही आहे. मे २०१८ मध्ये बहीण पंधरा दिवसांच्या रजेवर आली. वकिलांनी दत्तकपत्राचा मसुदा केला, घरी गुरुजींना बोलावून मुलीला आत्याच्या ओटीत घातले, साखर वाटली, फोटो काढले आणि दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन दस्त नोंदवला. वकिलांचे शब्द मला आजही पाठ आहेत : ‘नोंदणीकृत दस्त आहे, आता व्हिसा ही फक्त औपचारिकता.’

बहीण परत गेली आणि तिकडे दत्तक व स्थलांतराचे काम पाहणाऱ्या वकिलाकडे ते दत्तकपत्र घेऊन गेली. त्याने दस्त वाचला, तारीख पाहिली आणि सांगितले की तुम्ही शेवटचे काम सर्वांत आधी करून बसला आहात.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे, कारण आपल्याकडील बहुतेक सुशिक्षित माणसांनाही ते ठाऊक नसते. एका देशातले मूल दुसऱ्या देशात दत्तक जाते तेव्हा काय करावे, याविषयी १९९३ मध्ये हेग येथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला. भारतात तो १ ऑक्टोबर २००३ पासून आणि अमेरिकेत १ एप्रिल २००८ पासून लागू आहे. त्यात दोन्ही देशांच्या सरकारांनी आपापला भाग तपासून एकमेकांना होकार कळवायचा आणि त्यानंतरच दत्तकाचा आदेश व्हायचा, असा क्रम आहे. मूल घेणारे घर योग्य आहे काय आणि मुलाला त्या देशात कायम राहण्याची मुभा मिळेल काय, हे तो देश आधी सांगतो. मूल खरोखर दत्तक देण्याजोगे आहे काय आणि संमती देणाऱ्यांनी ती समजून-उमजून, पैशाच्या लोभाविना दिली आहे काय, हे आपला देश सांगतो. अमेरिकेत यासाठी दोन वेगळे अर्ज आहेत. आय-८००ए या पहिल्या अर्जावर दांपत्याची पात्रता ठरते आणि आय-८०० या दुसऱ्या अर्जावर त्या विशिष्ट मुलाचा विचार होतो. दुसऱ्या अर्जाला तात्पुरती मंजुरी मिळण्याआधीच दत्तक पार पडले असेल, तर तो अर्ज नामंजूर होतो. ते आधीचे दत्तक सक्षम न्यायालयाकडून रद्द करून घ्या आणि मंजुरीनंतर पुन्हा दत्तक घ्या, असे तिकडचा ढोबळ नियम सांगतो.

आता इकडे पाहा. हिंदू दत्तक कायद्याचे कलम १५ सांगते की विधिवत झालेले दत्तक घेणाऱ्याला किंवा देणाऱ्याला रद्द करता येत नाही. म्हणजे तिकडचा कायदा म्हणतो आधी मोडा, आणि इकडचा म्हणतो की हे मोडण्याजोगे नाहीच. या अडकित्त्यात आमची पाच वर्षांची पोर सापडली.

त्यातून सुटका झाली ती आमच्या हुशारीने नव्हे. कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावे दत्तक घेता येते, पण नवऱ्याची संमती लागते. आमच्या वकिलांनी दस्तात दत्तक घेणारी म्हणून केवळ बहिणीचे नाव घातले होते आणि मेहुण्यांच्या संमतीचा कागद जोडायचा राहून गेला होता. दुसऱ्या वकिलांच्या हे लक्षात आले. मग भावजय वादी आणि बहीण प्रतिवादी असा दिवाणी दावा दाखल झाला. कागदावर नणंद-भावजय एकमेकींविरुद्ध उभ्या, आणि तारखेच्या आदल्या रात्री दोघी व्हिडिओ कॉलवर उद्या काय बोलायचे ते ठरवत बसलेल्या, असा प्रकार जानेवारी २०२० पर्यंत चालला. संमतीअभावी दत्तक विधिवत झालेच नव्हते, असे न्यायालयाने जाहीर केले. पहिल्या वकिलांची हयगय अशी आमच्या कामी आली. त्यांनी दस्त बिनचूक केला असता तर आम्ही आज कोठे असतो, हा विचार मी करत नाही.

दरम्यान मुलीच्या कागदपत्रांचे काय झाले तेही सांगतो. दत्तकपत्र हाती येताच आम्ही उत्साहाने शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे मेहुण्यांचे नाव आणि आडनाव लावून घेतले होते. आधार कार्डावर जुनेच नाव होते. जन्मदाखल्यात वडिलांच्या नावात एक अक्षर चुकलेले होते, ते कधी कोणाच्या डोळ्यांत भरले नव्हते. दावा निकाली निघाल्यावर शाळेतले नाव पुन्हा फिरवावे लागले. एका मुलीची तीन नावे, आणि प्रत्येक नावामागे एक प्रतिज्ञापत्र. रजिस्टरमधल्या त्या ओळीवर दोनदा तांबडी रेघ मारून मुख्याध्यापकांनी दोन्ही वेळा सही केली आहे. पुढे प्रत्येक कार्यालयात त्या तांबड्या रेघांचा खुलासा मागितला गेला.

नात्यातले मूल परदेशी दत्तक देण्याची रीतसर वाट आपल्या कायद्यात आहे, हे आम्हाला इतक्या उशिरा कळले याचे मला वैषम्य वाटते. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ चे कलम ६० नेमके याच विषयावर आहे. परदेशात राहणाऱ्या नातेवाइकाने तेथील मान्यताप्राप्त संस्थेकडून किंवा सरकारी यंत्रणेकडून स्वतःच्या घराचा, उत्पन्नाचा, प्रकृतीचा आणि पूर्वचारित्र्याचा अहवाल तयार करून घ्यायचा. तो दिल्लीच्या केंद्रीय दत्तक ग्रहण संसाधन प्राधिकरणाकडे, म्हणजे ज्याला सारे ‘कारा’ म्हणतात त्याच्याकडे, जायचा. काराने जिल्हा बाल संरक्षण कक्षाला सांगून मुलाच्या इकडच्या कुटुंबाची चौकशी करवून घ्यायची. दोन्ही देशांचे होकार जुळले की दत्तकाचा आदेश मागायचा. आणि आदेशानंतर काराचे अनुरूपता प्रमाणपत्र (म्हणजे दत्तक हेग करारानुसार झाल्याचा दाखला), पासपोर्ट व व्हिसा. आमच्या वेळी आदेश जिल्हा न्यायालय देत असे. १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हे काम जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे गेले आहे. या कायद्याच्या कलम ५६ नुसार वैध आदेशाशिवाय मूल परदेशी नेणे किंवा तसा ताबा देण्याच्या व्यवस्थेत भाग घेणे हा गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ओटीत घालण्याच्या कार्यक्रमात साखर वाटणाऱ्या आम्हा कोणालाही याचा गंध नव्हता.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. या कायद्यात ‘नातेवाईक’ म्हणजे काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हींकडचे आजी-आजोबा. बस. आपल्याकडे चुलतभाऊ हा सख्ख्यासारखाच धरला जातो; त्याची मुले आपल्याला काका म्हणतात आणि आपणही त्यांत फरक करत नाही. पण ऑस्ट्रेलियातल्या माणसाला चुलतभावाचे मूल या कलमाखाली मागता येत नाही. आमच्याच गावच्या एका घरात असे ठरले होते, आणि आमचे हाल पाहून त्यांनी आधी चौकशी केली म्हणून ते वाचले.

जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या समाजसेविका आमच्या घरी आल्या तो दिवस मी विसरणार नाही. त्यांनी भावजयीला आत नेऊन एकटीला विचारले की, मुलीच्या शिक्षणाची सोय झाली, सरकारी योजनेतून दरमहा काही मदत मिळाली, तर तुम्ही तिला स्वतःजवळ ठेवाल काय? भिंतीपलीकडून ते माझ्या कानावर पडले आणि मला राग आला. आमच्या घरच्या निर्णयावर ही बाई शंका घेते, असे वाटले. नंतर कळले की हा प्रश्न विचारणे हेच त्यांचे काम होते. केवळ गरिबीमुळे मूल आईपासून तुटू नये आणि शक्य तोवर ते आपल्या देशातच वाढावे, हे त्या हेग कराराचे पहिले सूत्र आहे. भावजयीने त्यांना काय उत्तर दिले ते तिने आम्हाला सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. संमतीपत्रावर मात्र तिने सही केली, ती सावकाश, पूर्ण नाव लिहून.

मग त्यांनी मुलीला विचारले. पाच वर्षांपुढील मुलाची संमती नियमानेच लागते. तेव्हा ती आठ वर्षांची होती. ती म्हणाली, ‘आत्याकडे जाईन. पण आईला रोज फोन करू देणार का?’ २०१८ मध्ये गुरुजी, वकील, साक्षीदार, आणि मी धरून पंधरा-वीस माणसे घरात होतो. त्या पोरीला काही विचारावे असे आमच्यापैकी एकालाही सुचले नव्हते. परकीय कायद्याच्या जाचाबद्दल तक्रार करताना मला हे आठवते आणि आवाज खाली येतो.

ही सारी बंधने विनाकारण आलेली नाहीत, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. ऐंशीच्या दशकापर्यंत परदेशी दांपत्ये १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली मुलाचे केवळ पालकत्व घेऊन त्याला घेऊन जात आणि दत्तकाचे काम तिकडे उरकत. त्यातील गैरप्रकारांविषयी लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले, त्या पत्रालाच न्यायालयाने याचिका मानले, आणि १९८४ मध्ये न्या. भगवती यांच्या निकालाने आंतरदेशीय दत्तकासाठी पहिली तपशीलवार चौकट घालून दिली. पुढे १९९० मध्ये कारा स्थापन झाली. तरीही गैरप्रकार संपले नाहीत; पुण्यातल्याच एका संस्थेच्या परदेशी दत्तकांची केंद्रीय अन्वेषण विभागाला चौकशी करावी लागली होती. चीनने तर २०२४ मध्ये, जवळच्या नात्यातील काही दत्तके वगळता, आपली मुले परदेशी देणे पूर्णच थांबवले. तेव्हा चाळण्या लावू नका असे माझे म्हणणे नाही. चाळणी कोठे आहे, हे माणसाला दाराशीच सांगा, एवढेच म्हणणे आहे.

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटावर या काळात एक संदेश तीन वेगवेगळ्या माणसांनी पाठवला. पुण्याच्या श्रीवत्स बालगृहातून १९७९ मध्ये जेमतेम तीन आठवड्यांची असताना दत्तक गेलेली मुलगी पुढे ऑस्ट्रेलियाच्या महिला क्रिकेट संघाची कर्णधार झाली, ती लिसा स्थळेकरची गोष्ट. गोष्ट खरी आहे आणि सुंदरही आहे. पण ‘बघा, तीन आठवड्यांत काम होतं, तुम्हालाच कसं जमत नाही?’ असा तिचा अर्थ काढणाऱ्यांना १९७९ साली हेग करार, कारा किंवा बाल न्याय कायदा यांपैकी काहीच नव्हते, हे कोणी सांगावे? दुसरा एक सल्ला याहून घातक होता : ‘पर्यटक व्हिसावर घेऊन जा, पुढचं तिकडे बघून घेता येईल.’ कायम ठेवण्याचा इरादा मनात धरून पर्यटक म्हणून नेणे म्हणजे व्हिसा अधिकाऱ्यापुढे खोटे बोलणे होय, आणि त्याची किंमत पुढे त्या मुलालाच मोजावी लागते. ब्रिटनमध्ये तर २००२ च्या दत्तक कायद्यानुसार तेथील रहिवाशांनी आधी पात्रता तपासणी करून न घेता परदेशात दत्तक घेतलेले मूल देशात आणणे, हाच गुन्हा आहे.

ज्यांचे नातेवाईक अजून नागरिक झालेले नाहीत, केवळ ग्रीन कार्डधारक आहेत, त्यांची वाट आणखी अवघड आहे. वर सांगितलेले दोन्ही अर्ज अमेरिकी नागरिकाला करता येतात. पती-पत्नींपैकी एक तरी नागरिक हवा. ग्रीन कार्डधारकाला दत्तक मुलासाठी कुटुंब-व्हिसाचा अर्ज करायचा, तर सोळा वर्षांच्या आत दत्तक होऊन मुलाचा दोन वर्षे कायदेशीर ताबा आणि त्याच्यासोबत दोन वर्षे एकत्र वास्तव्य दाखवावे लागते. मूल इकडे, नोकरी तिकडे; दोन वर्षे इकडे येऊन राहावे तर ग्रीन कार्डच धोक्यात. अशा दांपत्याने दस्त करण्याच्या घाईत पडण्याऐवजी नागरिकत्व मिळेपर्यंत थांबावे की नाही, हा विचार आधी करायला हवा, आणि तो तिकडच्या जाणकाराशी बोलून करायला हवा.

आणखी एक अट आपल्या रीतीभातींच्या थेट आड येते. मुलाचे आई आणि वडील दोघेही हयात असतील, तर ते दोघे मुलाचा नीट सांभाळ करण्यास असमर्थ आहेत, हे अमेरिकी कायद्याला पटवून द्यावे लागते. भावाला तीन मुले आहेत, बहिणीला एकही नाही, म्हणून प्रेमाने एक दिले, हे कारण तेथे चालत नाही. आमच्या बाबतीत भाऊ हयात नव्हता म्हणून ही अट आडवी आली नाही. माझ्या धाकट्या भावाचा मृत्यू एखाद्या सरकारी अर्जात आमच्या बाजूचा मुद्दा ठरेल, असे कधी वाटले नव्हते. त्याच्या मृत्यूच्या दाखल्याच्या साक्षांकित प्रती काढताना झेरॉक्सवाल्याने ‘किती काढू?’ विचारले तेव्हा मी ‘दहा’ म्हणालो आणि बाहेर येऊन बाकावर बसून राहिलो.

बहीण २०१८ च्या मे महिन्यात येताना मुलीसाठी तिकडच्या हिवाळ्याला चालेल असा जाड कोट घेऊन आली होती, निळा, टोपीला लोकर लावलेला. दिवाळीपर्यंत पोर जाईल या हिशेबाने तो पेटीत वर ठेवला होता. दर काही महिन्यांनी मुलगी तो काढून घालून बघे आणि उन्हाळ्यातसुद्धा त्यात घामेजून आरशापुढे उभी राही. दुसऱ्या वर्षी बाह्या आखूड झाल्या. तो कोट मग माझ्या नातवाने वापरला. बहिणीने दुसरा पाठवला, तोही टाळेबंदीच्या काळात लहान झाला. न्यायालयाचा आदेश डिसेंबर २०२१ मध्ये आला. कायद्यात असा अर्ज दोन महिन्यांत आणि बंद दाराआड निकाली काढावा असे म्हटले आहे, आणि आमचा साधारण तेवढ्यातच निघाला, हे न्यायालयाच्या बाजूने नोंदवतो. एप्रिल २०२२ मध्ये दिल्लीला जाऊन व्हिसा मिळाला. ती गेली तेव्हा नऊ वर्षांची होती आणि तिसरा कोट तिकडेच घ्यायचा असे ठरले होते.

मूल विमानात बसले म्हणजे काम झाले, असेही नाही. परदेशी गेलेल्या मुलाच्या प्रगतीचा अहवाल पहिल्या वर्षी दर तिमाहीला आणि दुसऱ्या वर्षी दर सहामाहीला यावा लागतो. २०१७ मध्ये बिहारमधून अमेरिकेत दत्तक गेलेल्या तीन वर्षांच्या मुलीचा टेक्सासमध्ये मृत्यू झाला, तेव्हापासून या अहवालांकडे अधिक बारकाईने पाहिले जाते, आणि तसेच पाहिले पाहिजे. नागरिकत्वाचा मुद्दा तर मुळीच विसरू नये. अमेरिकेत २७ फेब्रुवारी २००१ पासून लागू झालेल्या कायद्याने, दत्तकाचा आदेश आपल्याकडेच पूर्ण होऊन योग्य व्हिसावर गेलेले अठरा वर्षांखालील मूल तेथे पाऊल ठेवताच नागरिक होते. त्याआधी गेलेल्या आणि तोवर सज्ञान झालेल्या मुलांना मात्र हा लाभ नाही. मुंबईहून ऐंशीच्या दशकात लहानपणी दत्तक गेलेल्या एका मुलीचे नागरिकत्वाचे कागद तिकडच्या पालकांनी पूर्ण केलेच नाहीत. पुढे एका गुन्ह्याच्या निमित्ताने ते उघड झाले आणि २००८ मध्ये तिला, नवरा-मुले मागे ठेवून, भाषाही येत नसलेल्या मुंबईत परत पाठवण्यात आले. ज्या घरातून १९८३ पूर्वी जन्मलेले मूल अमेरिकेत दत्तक गेले असेल, त्यांनी त्याच्याकडे नागरिकत्वाचा दाखला आहे काय, हे आजच विचारून घ्यावे.

सप्टेंबर २०२१ मध्ये आपल्या दत्तक नियमांत दुरुस्ती होऊन, हिंदू दत्तक कायद्याखाली परदेशी दिलेल्या मुलांसाठीही जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पडताळणी आणि काराचे ना हरकत प्रमाणपत्र अशी वाट तयार झाली. ती आल्यावर आमच्या परिचयातील एका गृहस्थांनी ‘आता दस्त केला तरी चालतं’ असे मला सांगितले. ते अर्धेच खरे आहे. हेग करारातील देशाचा होकार त्याही वाटेत लागतो, आणि तो देश जर ‘आमची मंजुरी आधी’ म्हणत असेल, तर नोंदणीकृत दस्त हातात असणे ही सोय ठरत नाही, अडचणच ठरते.

माझी मागणी मोठी नाही आणि तिला नवा कायदा लागत नाही. दत्तकपत्राची नोंदणी करताना दुय्यम निबंधक कार्यालयात पक्षकारांचे पत्ते, ओळखपत्रे, छायाचित्रे, अंगठे सारे घेतात. बहिणीने तेथे आपला अमेरिकी पासपोर्टच ओळखपत्र म्हणून दाखवला होता. त्याचा क्रमांक दस्तात टंकलेला आहे. ‘हे मूल परदेशी जाणार आहे काय?’ हा एक प्रश्न त्या वेळी कोणी विचारला असता आणि उत्तर ‘होय’ आल्यावर जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा पत्ता हातावर ठेवला असता, तर आम्ही त्याच दिवशी दस्त न करता परतलो असतो. नोंदणी नाकारावी असे मी म्हणत नाही, तो अधिकार त्यांना नसेलही. विचारण्याचा आणि सांगण्याचा अधिकार तर आहे. जिल्ह्याच्या वकील संघटनांनीही दत्तकपत्र करणाऱ्या आपल्या सभासदांना हे कळवावे. काराचे नियम आणि अर्जांचे नमुने सोप्या मराठीत प्रत्येक तहसील कार्यालयात असावेत. आमच्याकडे जे इंग्रजी नियम होते ते माझ्या मुलाने रात्री जागून वाचले आणि सकाळी मला सांगितले, तसे सांगणारा मुलगा प्रत्येक घरात नसतो.

या मजकुराचा एक फलक नोंदणी कार्यालयाच्या दर्शनी भिंतीवर लावावा, असा लेखी अर्ज मी ऑगस्ट २०२२ मध्ये संबंधित कार्यालयाला दिला. फलकाचा मजकूर मीच मराठीत लिहून सोबत जोडला होता. सात ओळींचा आहे. अर्जाची शिक्क्यासह पोच माझ्याकडे आहे. गेल्या महिन्यात जमिनीच्या एका कामासाठी त्याच कार्यालयात गेलो होतो. भिंतीवर मुद्रांक शुल्काचे दर आहेत, दलालांपासून सावध राहण्याची सूचना आहे, आणि तिच्याशेजारी चार खिळे मारलेली एक रिकामी जागा आहे.

आपला,
एक वाचक, ता. कराड, जि. सातारा